पाचवा गिअर आणि देवकाबाईंची जागा

देवकाबाई गाडीत पुढच्या सीटवर मधात बसतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं घोडं तिथंच अडलं, आणि एवढी मोठी गोष्ट आम्हा दोन शहाण्यांच्या ध्यानात आली नाही.

गाडी म्हणजे अ‍ॅम्बेसेडर, सदुसष्ट सालची. मालक तानबाजी, राहणार रोहणा, तालुका आर्वी. शेती आहे आणि गावातच किराणा दुकान आहे. मी लहानू मिस्त्री. बोरगाव मेघेत माझं गॅरेज आहे आणि तोंड माझं फटकळ आहे. जुनी गाडी दिसली की लोक आधी फोटो काढतात, मी आधी खाली वाकून तेल कुठून गळतं ते पाहतो. तानबाजींच्या गाडीखाली मी इतक्या वर्षांत वाकून वाकून थकलो, पण जमीन कोरडीच. असा तो माणूस.

त्या जुन्या गाडीची पुढची सीट म्हणजे आजकालसारख्या दोन वेगळ्या खुर्च्या नव्हेत. या दारापासून त्या दारापर्यंत एकसलग गादी. गिअरचा दांडाही खाली पायात नाही, तर वर स्टेअरिंगला लागून, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताशी. त्यामुळे पुढे तिघं आरामात मावतात. तानबाजी चालवायचे, मधात देवकाबाई, आणि खिडकीशी तानबाजींची माय, मनकर्णाबाई. म्हातारीला गाडी लागायची. तोंडावर वारा आल्याशिवाय तिला बसवायचंच नाही. रोहणा सोडलं की तिनं तोंड खिडकीबाहेर काढलंच, ते थेट मुक्कामाला पोचल्यावरच आत घ्यायची.

आता तो काळ आठवा. नवराबायको चार माणसांदेखत एकमेकांशी बोलत नसत. बायको पुढच्या खोलीत येत नसे. चहा द्यायचा तर कप उंबऱ्यावर ठेवून दाराची कडी वाजवायची. तानबाजींनीच मला एकदा सांगितलं होतं, "लहानू, लगन झाल्यावर दोन वरीस मले इचे निरे पायच दिसत. तोंड धड पाह्यलं ते गाडी घेतल्यावर, आरशात!" आणि अशा घरातली ही जोडी साऱ्या गावादेखत खांद्याला खांदा लावून आर्वीच्या बाजाराला जायची. कोण काय बोलणार? खुद्द सासू बाजूला बसलेली. बुढीला गाडी लागते, मग सून मधात बसणार नाही तर काय टपावर बसणार?

पुढे मनकर्णाबाई गेल्या. खिडकीची जागा रिकामी झाली. पण देवकाबाई काही सरकल्या नाहीत. खिडकीशी हातभर जागा रिकामी, आणि ही दोघं इकडे चिकटून. गाव खिदळायचं. "काकू, सरका न जराशा तिकडे, हवा खा!" देवकाबाई पदर सावरायच्या आणि म्हणायच्या, "मले इथंच बरं वाटते." विषय खतम.

मग आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. तानबाजींचं एक वावर त्या रस्त्याच्या अंगाला आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत ते बांधावर उभे राहून त्या गाड्या पाहत राहायचे. एक दिवस गॅरेजात आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाले, "लहानू, त्या रस्त्यावर गाड्या वाजत नाईत रे."

"वाजत नाईत म्हंजे?"

"इंजिनचा आवाजच नाई. निरा वारा वाजते. माही गाडी सत्तरवर गेली का अशी कोकलते, का बाजूचा मानूस काय म्हनते ते आयकू येत नाई. तशी शांत करून दे मले."

मी म्हटलं, काकाजी, जुनी मोटर आहे, ती देवळातल्या समईसारखी शांत कशी राहील? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. त्यांची नात मयुरी संभाजीनगरला दिली आहे. तिच्या पोराचा पहिला वाढदिवस येत होता. तानबाजींचा मुलगा प्रफुल नागपूरला मास्तर आहे, त्याच्याकडे नवी गाडी आहे. त्यानं साफ सांगितलं होतं, "बाबा, तुमच्या गाडीनं एवढ्या लांब जायचं नाही. तासन्‌तास सत्तरनं पळवली तर इंजिन रस्त्यातच बसेल. आईला मी माझ्या गाडीत मागे निजवून आणतो." आणि देवकाबाई म्हणाल्या होत्या, "जाईन त आपल्याच गाडीनं." त्या बाईनं जन्मात नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं ते हे.

प्रफुलचं चुकीचं नव्हतं. चार गिअरची ती गाडी. चौथ्यात सत्तरवर गेली की इंजिनाच्या नाकात दम येतो. तिला पाचवा गिअर पाहिजे होता. त्याला इंग्रजीत ओव्हरड्राइव्ह म्हणतात. चौथ्यात इंजिन एक फेरा मारतं तेव्हा मागे चाकाकडे जाणारा शाफ्टही एकच फेरा मारतो. पाचव्यात इंजिन एकच फेरा मारतं आणि शाफ्ट एकाहून जास्त. वेग तोच, इंजिनाला मात्र आराम. चाळीस वर्षं हात काळे केले, पण ही गोष्ट मला अजून खरी वाटत नाही, बापा. गिअरबॉक्स उघडून मी चक्रांचे दात मोजतो, हिशेब बरोबर येतो, आणि तरी मनात येतं, हे दिलं त्याहून जास्त परत येतं कुठून?

नागपूरच्या भंगारात मला पाच गिअरचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, मिळाला. मागून निघालेल्या अ‍ॅम्बेसेडरचा. नाव तेच, घराणं तेच, पण जुन्या इंजिनाशी एक बोल्ट जुळेल तर शपथ! इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवायला जाड लोखंडी पट्टी लेथवर कातून घेतली, तिला एका अंगानं जुनी भोकं, दुसऱ्या अंगानं नवी. क्लच प्लेट दोन गाड्यांच्या मिळून एक केली. मागचा शाफ्ट कापून तोलून घेतला, नाहीतर गाडी पिसाळलेल्या बैलासारखी थरथरते. तानबाजी रोज दुकान बंद करून यायचे, स्टुलावर बसून पाहायचे. मधूनच विचारायचे, "बसते का रे?" मी खेकसायचो, "बसते का म्हंजे? बसवून राह्यलो न!" ते हसायचे. माझ्या खेकसण्याचा राग न येणारा असं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही.

नव्या डब्याचा दांडा खालून येतो. म्हणून गाडीच्या तळाचा पत्रा कापला, चामड्याची टोपी शिवून आणली, दांडा वर काढला. वर काळी गोल मूठ बसवली. मला तर लय झाक वाटला.

मग आम्ही दोघं आर्वी रोडनं चक्कर मारायला निघालो. तानबाजी चालवत होते, मी खिडकीशी. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यात साठवर गाडी नेहमीसारखी ओरडायला लागली. मी म्हटलं, "आता टाका." त्यांनी क्लच दाबला, दांडा पाचव्यात गेला, पाय उचलला.

आवाज गेला.

गाडी तशीच पळत होती, पण इंजिन जणू कुणी उचलून दुसऱ्या गावाला नेलं. काचेवर वारा ऐकू येत होता. टायर ऐकू येत होते. बाजूच्या वावरात कुणीतरी बैलाला हाक मारली, तीही ऐकू आली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. तानबाजींनी थोड्या वेळानं गाडी कडेला घेतली, स्टेअरिंगला डोकं टेकवलं आणि म्हणाले, "बापा रे बापा. ही तीच गाडी होय का रे?"

मी म्हटलं, "तीच होय काकाजी." आणि मान ताठ केली. ताठ मानेनंच आम्ही रोहण्याला निघालो.

देवकाबाई ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. प्रफुलही त्या दिवशी गावी आलेला. देवकाबाईंनी गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, माझ्याही कपाळाला टिळा लावला. मग डावीकडचं दार उघडलं आणि नेहमीसारख्या आत सरकल्या.

आणि अडल्या.

त्यांच्या जागेवर, जिथं पन्नास वर्षं त्यांचे गुडघे असायचे, बरोबर तिथं माझा तो झाक दांडा उभा. त्यांनी पाय इकडे घेतले, तिकडे घेतले. इकडे घेतले की दांडा दुसऱ्यात जाईना, तिकडे घेतले की लुगडं दांड्यात अडके. आम्ही तिघं बाप्ये उभे राहून पाहतो आहोत. पट्टीची जाडी केसाइतकी मोजली होती मी! इंजिन मोजलं, शाफ्ट मोजला, पत्रा मोजला. देवकाबाई मोजायच्या राहिल्या.

आणि तानबाजींना तरी कुठं आठवलं? आपला डावा हात कुठं आहे हे कुणी रोज पाहत बसतं का? ती बाई त्यांच्या बाजूला असायचीच.

"आई, खिडकीशी बस न," प्रफुल म्हणाला. "काय फरक पडते?"

"हो न, बसतो की मी," देवकाबाई म्हणाल्या आणि सरकून खिडकीशी बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, हात पिशवीवर ठेवले. एसटीत अनोळखी माणसाशेजारी बसावं तसं अंग चोरून.

तानबाजींनी गाडी सुरू केली. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं होतं. गाडी पाचपन्नास पावलं गेली असेल. त्यांनी दुसरा गिअर टाकला, डावीकडे पाहिलं आणि ब्रेक मारला. उतरून माझ्याकडे चालत आले.

"लहानू, काढ."

"काय काढू?"

"हा डबा. जुना बसव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काकाजी, डोकं ठिकानावर हाये का? बोटं फुटून गेली माही! आवाज पाह्यला न तुमी? समृद्धीवर जायाचं हाये न? चार गिअरवर जाता येत नाई, हे तुमाले मालूम हाये!"

"मालूम हाये."

"मंग बारशापासून त्या पोराले पाह्याची वाट पाहून राह्यले, त्याचं काय?"

त्यांनी खाली मान घातली. "पाचवा गिअर मले पाह्यजे होता बावा. पन तिच्या जाग्यावर नाई पाह्यजे होता."

गाडीत खिडकीशी देवकाबाई बसलेल्या, समोर पाहत. त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, तोही असा की धूळ गेली असं वाटावं. चार गिअर ठेवले तर मयुरीच्या पोराकडे त्यांच्या गाडीनं जाता येत नाही. पाच ठेवले तर जाता येतं, पण असं, परक्यासारखं बसून. दिवसही थोडे राहिले होते.

मी किल्ली घेतली आणि गाडी गॅरेजात परत आणली. घरी आलो तो धुमसतच. ज्योत्स्ना, आमची बायको, शिलाई मशीनवर बसली होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, हळहळेल. ती पोट धरून हसायला लागली.

"एवढे दिवस दोघं गाडीखाली निजले, आन् एका बाईले बसवाचं कुठं, हेच सुचलं नाई? मले इचारलं असतं त!"

"तुले काय समजते गिअरबॉक्समधलं?"

"गिअरबॉक्समधलं नाई समजत. बसाचं समजते," ती म्हणाली आणि पुन्हा पायडल मारायला लागली.

मी जेवायला बसलो. समोर तिचे पाय पायडल वरखाली करत होते, पायडलाची ती लोखंडी सळई वर जाऊन चाक फिरवत होती. खाली नुसती वरखाली, वर मात्र फिरकी. मी पाहत राहिलो. कितीतरी वर्षं ते मशीन माझ्या घरात आहे. पाहिलं होतं कधी? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

जुन्या गाडीचा स्टेअरिंगवरचा दांडा मी काढून फळीवर ठेवलेला होता. नव्या डब्याला दोनच हालचाली पाहिजेत: एक मागंपुढं ढकलण्याची आणि एक पीळ द्यायची. वरच्या दांड्यापासून खाली दोन सळया नेल्या तर? एक ढकलेल. दुसरी, पायडलासारखी, पीळ देईल. हात न धुताच उठलो. ज्योत्स्ना मागून ओरडली, "ताट त उचला!"

सोपं नव्हतं. सगळ्यात मोठी धास्ती ही, की नव्या डब्यात पाचवा आणि मागचा गिअर एकाच ओळीत, समोरासमोर. दांडा आपल्याकडे ओढून वर नेला तर पाचवा, खाली नेला तर गाडी मागं. महामार्गावर पळत्या गाडीत चुकून खाली गेला तर पाचव्या गिअरचं कौतुक करायलाही कुणी उरायचं नाही. त्यासाठी एक अडणी केली. मागचा गिअर टाकायचा तर आधी एक कडी उचलायलाच पाहिजे. तानबाजी स्टुलावर बसून होते. या वेळी "बसते का" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त माझ्या हातांकडे पाहत होते.

तळाच्या पत्र्याचं भोक बंद केलं. चामड्याची ती टोपी भिरकावून दिली. गाडी तयार झाली तेव्हा मी घरात हाक मारली, "ज्योत्स्ना, चाल. मधात बसाचं हाये तुले."

"मी काऊन?"

"मोजाले!"

ती बडबडत आली, बसली. सावंगीच्या रस्त्यानं निघालो. गुडघ्याला काही लागलं नाही. दांडा वरच्या वर फिरत होता, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि ओढून वर, पाचवा. शांत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं असे खांद्याला खांदा लावून कधी कुठं गेलोच नव्हतो. मोटरसायकलवर ती पाठीमागे असते, तिचं तोंड दिसत नाही. रस्त्यावरची मेडिकल कॉलेजची पोरं आमच्याकडे बघून हसत होती. ज्योत्स्ना म्हणाली, "अजून थोडं जाऊ न समोर." मोजून तर झालं होतं, पण गेलो.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी रोहण्याहून निघालो. मी मागच्या सीटवर, पायाशी हत्यारांची पेटी. मला सोबत न्यायची अट प्रफुलनं घातली होती, आणि तो आपल्या गाडीनं पुढे निघून गेला होता. तानबाजींनी धुतलेली टोपी घातलेली. देवकाबाईंनी डावीकडचं दार उघडलं, आत सरकल्या, सरकत सरकत थेट मधात. गुडघे समोर घेतले. काहीच आडवं आलं नाही. मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लहानू, सुखी राह्य रे बाबू." मी खाली वाकून हत्यारांची पेटी उगाच सरकवली.

विरूळपासून गाडी समृद्धीवर चढली. तानबाजी ज्या बांधावरून गाड्या पाहायचे, त्याच्याच अंगानं आम्ही जात होतो. एवढा रुंद रस्ता, आणि समोर कुणी नाही. तिसरा, चौथा. पन्नास, साठ. गाडी तिच्या सवयीप्रमाणे कोकलायला लागली. मला आरशात देवकाबाई दिसत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप करत असतील. समोर पाहत, न थांबता, ओठ चाललेले.

तानबाजींनी दांडा आपल्याकडे ओढला, वर नेला, पाय उचलला. आवाज गेला. आणि त्या शांततेत देवकाबाईंचा खणखणीत आवाज आला, अर्ध्या वाक्यावरून:

"...आन् तुमच्या मायले गाडी लागतच नव्हती, हे तुमाले कोन सांगन?"

त्यांनी चटकन तोंडावर पदर घेतला. तानबाजींचे हात स्टेअरिंगवर तसेच. नुसता वारा वाजत होता.

"काय म्हनलं तू?"

"काई नाई."

"मायचं काय म्हनलं?"

"आयकू गेलं का तुमाले?"

"गेलं न."

देवकाबाईंनी तोंडावरचा पदर काढला. मग हळूच बोलल्या. "एसटीनं अमरावतीले जाये तवा बुढी रस्ताभर पान खात जाये. कधी ओकली का? आपली गाडी आली त्या दिवशी मले म्हने, तू मधात बसजो. घरात मी तुमा दोघाईले बोलू देऊ शकत नाई, लोकं नावं ठेवतीन. गाडीत बोलजा. मी तोंड बाहीर ठेवतो."

गाडी सरळ चालली होती. शेवटी तानबाजी म्हणाले, "मंग तू बोलली काऊन नाई?"

"मी त बोलतच होतो! पह्यल्या दिवसापासून. या गाडीत बसलो का बोलतोच. तुमालेच आयकू येत नव्हतं."

"इंजिनात आयकू कसं येईन? सांगाचं त होतं मले!"

"कायले सांगू?" त्या म्हणाल्या. "आयकू येत नव्हतं म्हनून त सगळं बोलता येये."

पन्नास वर्षं! बाजारात जाताना, लग्नाला जाताना, दवाखान्यात, मयतीला. ती बाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून मनातलं सगळं बोलत होती, आणि त्यांना इंजिन ऐकू येत होतं. मी तेल गळतं का ते पाहत होतो.

देवकाबाईंनी पदर नीट केला. मग नवऱ्याला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "चौथ्यात घ्या जरासं."

तानबाजींनी क्लच दाबला, दांडा चौथ्यात नेला. एवढी बोटं फोडून मी जो आवाज घालवला होता, तो धडाडून परत आला. एरवी मी बोंब मारली असती, शपथ! आरशात देवकाबाईंचे ओठ पुन्हा हलायला लागले. तानबाजींनी वेग कमी केला, डोळे रस्त्यावर ठेवले, आणि डावा कान हळूहळू तिच्याकडे झुकवला, इतका की टोपी तिच्या डोक्याला टेकली.

मी खिडकीची काच खाली केली. तोंड बाहेर काढलं, आणि संभाजीनगर येईपर्यंत आत घेतलं नाही.